कोरडे फडके, हलका हात

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की आमच्या नांदेडच्या गल्लीत बादल्या खणखणू लागतात. गाद्या अंगणात येतात, पलंग आडवे होतात, कपाटे भिंतीपासून ओढली जातात आणि वर्षभर गुण्यागोविंदाने नांदलेल्या कोळ्यांचे संसार एका सकाळीत उठतात. गृहिणीच्या कमरेला पदर खोचलेला, डोक्याला फडके बांधलेले, आणि मुद्रा अशी, की घरधन्याने त्या दिवशी कचेरीतच थोडे जास्त रेंगाळलेले बरे!

दिवाळीची झाडलोट ही घरातली एक लढाईच असते. या लढाईत शत्रू धूळ. पण घायाळ कोण होते म्हणाल, तर घरातले सामान! माझे म्हणणे तुम्हांला उलटे वाटेल. परंतु धुळीने मेलेली खुर्ची मी अजून पाहिलेली नाही. साफसफाईच्या उत्साहाने मेलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतली एक वस्तू तर मी माझ्या हातांनी मोडली. तेव्हा उपदेश करण्याआधी कबुलीजबाब देते. म्हणजे पुढचे सांगणे आगंतुक वाटणार नाही.

माझे माहेर लातूरचे. मावशी दिलेली होती किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात. १९९३ च्या सप्टेंबरची २९ तारीख. लोक गणपती बोळवून निजले, आणि ३० तारखेच्या पहाटे चाराला चार मिनिटे कमी असताना धरणी हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे बसल्या जागी ढिगारे झाली. आठ-दहा हजार माणसे गेली. मावशी वाचली, कारण घरात उकडत होते म्हणून ती अंगणात बाजेवर निजली होती. काका आत होते.

चौथ्या दिवशी ढिगाऱ्यातून जे निघाले त्यात एक संदूक होता. काकांनी लग्नानंतर करवून घेतलेला, किनवटच्या सागाचा, पितळी पट्ट्यांचा. वर माती-दगड पडले होते, मध्ये पाऊस झाला होता. संदूक चिखलाने माखलेला, पण धड होता. तो आम्ही लातूरला आणला. मावशी दिवसभर त्याच्याकडे बघत बसे. मला वाटले, निदान एवढी वस्तू तरी तिला लख्ख करून द्यावी.

मी मग काय केले? कढत पाण्यात धुण्याचा सोडा कालवला, ताठ ब्रशने संदूक आतून-बाहेरून घासला, पितळेला चिंच चोळली, दोन बादल्या पाणी ओतले आणि गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात ठेवून दिला. संध्याकाळी वर गेले तो झाकणाला वीतभर लांब चीर! कडेची फळी होडीसारखी वाकलेली, सांधे उघडे पडलेले, खिळ्यांभोवती शाई सांडल्यासारखे काळे डाग. मावशी माझ्या मागोमाग वर आली होती. तिने चिरेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "असू दे गं माय. आपलं तरी कुठं धड राहिलंय."

तिने रागावली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या सुतारमामांना बोलावले. त्यांनी संदुकाभोवती एक फेरी मारली, खाली वाकून वास घेतला आणि मला विचारले, "कोणी धुतला?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "अक्का, धुळीनं लाकूड मरत नसतंय. पाण्यानं फुगतंय, उन्हानं फाटतंय, अन् आपल्या घाईनं मरतंय बघा."

या एका वाक्यावर मी पुढची तीस वर्षे घर सांभाळले. आज तेच जरा विस्ताराने सांगते.

लाकडाचा स्वभाव

झाड तोडले, फळ्या पाडल्या, रंधा मारला, तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. ओलावा घेतला की फुगते, सोडला की आकसते. गंमत अशी, की हे फुगणे-आकसणे फळीच्या लांबीत जवळजवळ नसते. सगळे रुंदीत असते. म्हणून फळी फाटते ती उभी, रेषांच्या बाजूने. एका अंगाने वाळली आणि दुसऱ्या अंगाने ओली राहिली, की वाकते. माझ्या संदुकाचे नेमके हेच झाले. वरून ऊन, खालून ओल. बिचारी फळी दोघांच्या ओढाताणीत सापडली.

आपल्या मराठवाड्याची हवा लाकडाची परीक्षाच घेते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठणठणीत. आणि जुलैत दारे फुगून चौकटीत अडकतात. त्या वेळी दाराची कड रंध्याने तासू नका. दिवाळीला तेच दार आकसते आणि थंडीत फटीतून वारा येतो. खण अडकला तर कडेला मेणबत्ती किंवा साबणाची कोरडी वडी घासावी, लोण्यासारखा सरकतो.

खिळ्यांभोवतीच्या काळ्या डागांचे कारणही सुतारमामांनी सांगितले. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकसातले लोखंड यांची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. लाकडातही तोच तुरटपणा असतो. ओल्या लाकडाला लोखंड लागले, की शाई तयार! म्हणून लोखंडी बादली, ओला तवा, गंजका डबा लाकडी फळीवर टेकवू नये. बाभळीच्या लाकडावर तर हा डाग फारच लवकर उठतो.

रोजचे पुसणे

पॉलिश केलेल्या सागाला किंवा शिसवीला रोज लागते ते फक्त एक मऊ, कोरडे, जुने सुती फडके. धोतराचे किंवा जुन्या लुगड्याचे असेल तर सोन्याहून पिवळे. पुसावे ते रेषांच्या दिशेने. मराठवाड्याची धूळ ही नुसती धूळ नसते, तीत बारीक रेती असते. जोराने घासले तर तीच काचकागदाचे काम करते. आधी झटकावे, मग पुसावे.

चिकट डाग असेल तरच फडके ओले करावे, आणि ते इतके घट्ट पिळावे, की फिरवल्यावर मागे राहिलेली ओल दहा आकडे मोजेपर्यंत उडून गेली पाहिजे. पाठोपाठ कोरडे फडके हवेच. सोडा, लिंबू, चिंच, राख यांतले काहीही लाकडाजवळ नेऊ नये.

गरम चहाचा पेला ठेवल्याने पांढरे कडे उठते. जुने पॉलिश बहुधा चपड्याच्या लाखेचे असते. उष्णतेने त्यात वाफ शिरते आणि ते पांढरे दिसते. लगेच घासाघीस करू नका. एक-दोन दिवस थांबा; पुष्कळदा कडे आपोआप विरते. राहिलेच तर मेणाच्या पॉलिशचे बोट फिरवून मऊ फडक्याने हलके चोळा. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून अत्तराची बाटली किंवा हात साफ करायचे औषध अशा मेजावर सांडू देऊ नका.

मेणाचे पॉलिश घरी होते. एक भाग मधमाशीचे मेण किसून घ्यावे, भांडे कढत पाण्यात ठेवून ते वितळवावे, खाली उतरवून त्यात तीन भाग टर्पेंटाइन घालून ढवळावे. चूल किंवा गॅस तोवर विझलेला असावा. टर्पेंटाइन पटकन पेट घेते. गार झाले की मलमासारखे होते. वर्षातून दोनदा अगदी पातळ थर द्यावा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने चमक आणावी. जास्त लावले की जास्त चमकते हा भ्रम आहे; जास्त लावले की जास्त चिकटते.

तेल कोणते लावावे?

दारे, चौकटी, पाट, चौरंग, पोळपाट, झोपाळ्याची फळी ही सहसा बिनपॉलिशची असतात. त्यांना तेल मानवते. पण घरोघर दिसते काय, तर हाताशी असलेले खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोळतात. ही तेले वाळत नाहीत. लाकूड दोन दिवस तुळतुळीत दिसते, मग त्यावर धूळ बसून काळा थर जमतो, आणि पुढच्या दिवाळीला तो काढायला पुन्हा सोडा!

लाकडाला हवे ते वाळणारे तेल. जवसाचे तेल हवेने वाळून लाकडावर पातळ साय धरते. आपल्याकडे पिकणाऱ्या करडईचे तेलही वाळणाऱ्यांतलेच, मात्र त्याला वेळ जास्त लागतो. पाट-चौरंगाला नुसते जवसाचे तेल पुरे. दारे-चौकटींसाठी त्यात तितकेच टर्पेंटाइन मिसळावे. फडक्याने पातळ थर द्यावा, पाव तासाने उरलेले सगळे पुसून घ्यावे आणि तीन-चार दिवस वस्तू सावलीत, वाऱ्यावर राहू द्यावी.

एक इशारा मात्र न विसरता पाळा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते; बोळ्यात ती कोंडली, तर कोणी काडी न लावताही तो पेट घेऊ शकतो. फडकी उघडी पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून टाकून द्यावी.

माती की पीठ?

लाकडाचे खरे वैरी तीन. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. भिंतीवरून मातीची नळी चढलेली दिसली, तर ती वाळवी. वस्तूखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर लाकूड पोखरणारा भुंगेरा. आणि रात्री अंगाला खाज सुटली, तर तिसरा वैरी कोण हे सांगायला नको!

वाळवीला अंधार आणि ओल लागते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि महिन्यातून एकदा त्याच्या मागे दिवा धरून पाहावे. आपल्याकडे शहाबादी फरशी पुष्कळ घरांत आहे. ती धुतली की पाणी पलंगाच्या पायांखाली मुरते, आणि वाळवीला आमंत्रण जाते. पायांखाली दगडाची किंवा रबराची चकती सरकवावी. सागाच्या गाभ्यातल्या लाकडात मुळातच तेल असते, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण त्याच सागाचा बाहेरचा पांढरट भाग ती चवीने खाते. नवे सामान घेताना "साग आहे का?" एवढेच न विचारता "पांढरा भाग किती आहे?" असे विचारावे.

भुंगेऱ्याची भोके दिसली तर वस्तू आधी बाकीच्यांपासून वेगळी करावी, भोकांत वाळवी-किडीचे औषध पिचकारीने सोडावे आणि भोके मेणाने बुजवावी. नवे पीठ पडले तर मेण उघडून पुन्हा तेच करावे.

ढेकणांसाठी एके काळी डी. डी. टी. सर्रास फवारीत. आता घरात ती वापरू नये. आणि ढेकणांनाही ती पचू लागली आहे. बिनपॉलिशच्या बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे आणि मग ती वाऱ्यावर वाळवणे हा आजीबाईंचा उपाय अजूनही खरा. पॉलिशच्या पलंगावर मात्र उकळते पाणी ओतू नये. त्याचे भाग सुटे करून सांधे कोरड्या ब्रशने झाडावे, फटी बुजवाव्या, आणि जमले नाही तर जाणकार माणूस बोलवावा.

बाज, नवार आणि वेत

आमच्याकडची बाज ही मोठी गुणी वस्तू. दिवसा अंगणात पापड वाळवायला, रात्री निजायला, अडीअडचणीला दुखणेकऱ्याला उचलून न्यायला. अंबाडीच्या वाखाची किंवा सुंभाची दोरी वापराने सैल पडते. मग बाजेची झोळी होते आणि पाठ धरते. पायथ्याची दोरी दर पंधरा दिवसांनी ताणून बांधावी. ओली दोरी ताणू नये. ती कुजत आलेली असेल तर नेमकी तेव्हाच तुटते. बाज पावसात बाहेर विसरू नये, एवढीच तिची अपेक्षा असते.

नवारीची पट्टी सोडून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येते. मात्र विणण्याआधी ती हाडासारखी कोरडी झाली पाहिजे. नाही तर आत बुरशी धरून वास मारते.

आता वेत. आतापर्यंत पाणी नको, पाणी नको म्हणणारी मी येथे उलट सांगणार आहे. वेताला पाणी हवे असते! आमच्या उन्हाळ्यात तो इतका कोरडा पडतो, की बसताच कडकन मोडतो. खुर्चीची बैठक खोल गेली असेल, तर ती उलटी करून जाळीच्या खालच्या बाजूने कढत पाण्यात बुडवलेले फडके ठेवावे, जाळी चांगली भिजू द्यावी आणि मग वाऱ्यावर वाळू द्यावी. वाळता वाळता वेत आकसतो आणि बैठक पुन्हा ताठ होते. चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याने वेत पुसण्याची जुनी रीत आहे, तीही चांगली. फक्त चौकटीच्या पॉलिशला पाणी लागू देऊ नका आणि जाळी पुरती वाळेपर्यंत तिच्यावर कोणाला बसू देऊ नका.

लोखंड, पितळ आणि बिदरी

पत्र्याच्या पेटीला गंज चढतो तो बुडाकडून, कारण ती सरळ फरशीवर बसलेली असते. खाली दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या द्याव्या, हवा खेळू द्यावी. गंज दिसला की काचकागदाने उजळ धातू दिसेपर्यंत घासावे, पुसावे, रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावे. गंजावरच रंग फासणे म्हणजे गळवावर पावडर लावण्यासारखे आहे. आत काम चालूच राहते. लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्यांत वर्षातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा.

पितळेची भांडी चिंचेने घासावी, हे खरे. पण देव्हाऱ्याचा कळस, झोपाळ्याच्या कड्या, संदुकाच्या पट्ट्या हे लाकडावर बसवलेले पितळ. तेथे चिंच लावली, की आंबट पाणी पट्टीखाली शिरते. पितळ हिरवे होते आणि लाकूड काळे. निघत असेल तर पितळ काढून घासावे, धुवावे, कोरडे करून परत बसवावे. निघत नसेल तर अगदी बारीक कोरडी राख फडक्याला लावून नुसत्या पितळेवर फिरवावी.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या घरांत अजून तख्त, अलमारी, संदूक हे शब्द नांदतात ते त्याच वेळचे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच मोडत होता. म्हणून कित्येक जुन्या घरांत तिवईवर बिदरीचे एखादे पानदान किंवा फुलदाणी असतेच. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी, आणि त्या धातूला बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग. हा काळा रंग म्हणजे मळ नव्हे! नव्या सुनेने मोठ्या हौसेने तो घासून काढल्याचे मी पाहिले आहे. बिदरीला चिंच, लिंबू, राख सगळे वर्ज्य. कोरड्या फडक्याने पुसावे, कधीमधी खोबरेलाचा एक थेंब चोळून लगेच टिपून घ्यावा.

गादी आणि पिंजारी

नांदेड हे कापसाचे गाव. येथल्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेल्या 'नांदेड ४४' या वाणाने एके काळी दूरदूरची शेते व्यापली होती. अशा गावात कापसाची गादी टाकून द्यावी हे मनाला पटत नाही. कापसाची गादी मरत नाही, दबते. दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, की तीच गादी पुन्हा फुलते. महिन्यातून एकदा उन्हात घालावी, दुपारी उलटावी आणि ऊन उतरण्याआधी आत आणावी. संध्याकाळची हवा तिच्यात मुरू देऊ नये. फोमच्या गादीला मात्र कडक ऊन सोसत नाही. ती पिवळी पडून भुसभुशीत होते. तिला सावलीतला वारा पुरे.

नव्या जमान्याचे पाहुणे

सनमायकाचे मेज फार सोशीक असते. ओल्या फडक्यालाही ते डरत नाही. पण त्याचे मर्म कडेला असते. कडेची पट्टी सुटली, की पाणी आतल्या भुसाबोर्डात शिरते आणि तो पावासारखा फुगतो. फुगलेला भुसाबोर्ड परत बसत नाही, त्याला औषध नाही. म्हणून पट्टी सुटताच त्याच दिवशी चिकटवावी.

रेक्झिनला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. तेल चोळू नये आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नये, भेगा पडतात. कापडी कोचावरची धूळ छडीने किंवा यंत्राने काढावी. पाणी आत मुरले की आठ दिवस वास जात नाही. आरशावर पाणी उडवू नये, फडक्यावर घेऊन मग पुसावे; कडेने पाणी मागे गेले की पारा काळा पडतो.

प्लास्टिकची खुर्ची तर प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक सभेत हजर. तिला पाणी चालते, साबण चालतो. चालत नाही ते ऊन. अंगणात वर्ष-दोन वर्षे पडलेली खुर्ची वरून चांगली दिसते, पण आतून ठिसूळ झालेली असते. पांढरट पडलेल्या किंवा बारीक तडे गेलेल्या खुर्चीवर चढून माळ्यावरचे डबे काढू नका. दिवाळीच्या सफाईत कंबर मोडून घेण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

पाणी नसते तेव्हा, आणि फार होते तेव्हा

२०१६ साली मांजरा धरण आटले. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची पाळी आली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. साडेतीनशे किलोमीटरवरून आलेले ते पाणी प्यायचे, की त्याने कपाटे पुसायची?

त्या वर्षी मी माहेरी गेले असता वहिनीने एका तांब्यात सगळे घर पुसून दाखवले. आधी सगळीकडे कोरडे फडके. मग फक्त डागांपुरते ओले. आणि तेही क्रमाने. पहिल्यांदा आरसा, मग मेज, मग लोखंडी कपाट, मग प्लास्टिकच्या खुर्च्या, शेवटी पलंगाचे पाय. उरलेले गढूळ पाणी मोरीला. स्वच्छाकडून मळकटाकडे जायचे, एवढाच मंत्र. आणि गंमत पाहा: त्या वर्षीइतके चकचकीत सामान मी त्या घरात आधी पाहिले नव्हते. टंचाईने त्या घराला आपसूकच योग्य रीत शिकवली होती.

पण आमच्याकडचे पाणी एका रीतीने वागेल तर ना! २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि गावांत, घरांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी काय करावे, हेही प्रत्येक गृहिणीला ठाऊक हवे. पहिली गोष्ट, पुराचा चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवून काढावा. हा एकच प्रसंग असा, की लाकडावर पाणी ओतावेच लागते. दुसरी, फुगलेले खण आणि दारे ओढून काढू नयेत. कपाटाची मागची फळी सोडून वारा आत जाऊ द्यावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, उन्हात घालू नये. सावलीत, विटांवर उचलून, चारी बाजूंनी वारा लागेल असे आठवडेच्या आठवडे ठेवावे. मागून येणारी बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडावी, नाकावर फडके बांधून. पुरात भिजलेली फोमची गादी आणि फुगलेला भुसाबोर्ड यांचा लोभ धरू नये. सागाचा मात्र जरूर धरावा. भरवशाचे लाकूड आहे, वेळ दिला तर परत येते.

वर्षाचे पंचांग

सगळे काम दिवाळीवर लोटल्यामुळेच घाई होते आणि घाईने घात होतो. मी सामानाचे एक छोटे पंचांग केले आहे. गुढीपाडव्याला वेताला पाणी आणि बाजेला नवी ओढ. मृगाच्या आधी दारे-चौकटींना तेल आणि पेट्यांखाली विटा. श्रावणात काही पुसापुशी नाही, फक्त कपाटांमागे दिवा धरून वाळवी पाहायची आणि उघडीप मिळेल तेव्हा दारे मोकळी ठेवायची. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की गाद्यांना ऊन आणि लाकडाला मेण. एवढे केले की दिवाळीला उरते ते फक्त कोरडे फडके आणि हलका हात.

संदुकाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. सुतारमामांनी तो महिनाभर आमच्या सोप्यात, सावलीत, विटांवर ठेवायला लावला. कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. महिन्याने वाकलेली फळी पुष्कळशी सरळ झाली. सांधे त्यांनी सरस घालून बसवले, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. झाकणाची चीर तेवढी मिटेना. ते म्हणाले, "हिच्यात लांबी भरतो, वरून रंग देतो, कुणाला कळायचं नाही."

मावशी म्हणाली, "नको. राहू द्या तशीच."

मावशी जाऊन आता बरीच वर्षे झाली. संदूक नांदेडला माझ्याकडे आहे. दर दिवाळीला मी त्यावर मेणाचा हात फिरवते. चिरेपाशी आले की फडके आपोआप हलके होते. चीर अजून तेवढीच आहे. एका बोटानेही वाढलेली नाही.